मदत हवी आहे: बाँड लिहून कंपनीचं ट्रेनिंग घ्यावं, की स्वतःच्या खर्चाने डिप्लोमा करावा?

नमस्कार मंडळी,

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिक्षण इलेक्ट्रिकलचं, पण जे काही येतं ते मशीनवर हात काळे करूनच आलंय. मोटर जळली, बेअरिंग वाजायला लागलं, कॉन्टॅक्टर चिकटला, सेन्सर सिग्नल देईना, इथपर्यंत माझं मी बघतो. दोष पीएलसीपर्यंत, म्हणजे प्रोग्रामवर मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत, गेला की माझी हद्द संपली. मग मशीन बनवणाऱ्यांचा इंजिनिअर येईपर्यंत लाइन बंद. तो लॅपटॉप जोडून काय करतो ते मी मागे उभा राहून बघायचं.

आता दोन गोष्टी एकदमच पुढ्यात आल्या आहेत. कंपनी आमच्यातल्या काही जणांना पीएलसीच्या ट्रेनिंगला पाठवते आहे. खर्च कंपनीचा, पगारही चालू. अट अशी की नंतर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर खर्च भरून द्यायचा. शिकवणार मात्र फक्त आमच्याकडे बसवलेला एकच ब्रँड. दुसरीकडे ऑटोमेशनचा डिप्लोमा आहे. वर्ग संध्याकाळी, फी माझ्या खिशातून, पाच-सहा ब्रँडची तोंडओळख, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र.

घरच्यांचं म्हणणं, हातात कागद हवा. सुपरवायझर म्हणतात, कागदवाले ढिगाने पाहिले, पॅनेल उघडून दिलं की घाम फुटतो. दोघांचंही पटतं, घोळ तिथेच आहे. शिफ्ट बदलत असल्यामुळे दोन्ही एकत्र झेपणार नाही. नोकरी सोडायचा विचार आज नाही, पण इथेच अडकून पडायचंही नाही. एका ब्रँडवर शिकलेलं दुसरीकडे चालतं का? कंपनीच्या ट्रेनिंगला बाहेर कुणी विचारतं का? जाणकारांनी, विशेषतः मुलाखती घेणाऱ्यांनी, कृपया सांगावं.

स्पॅनर:
पगार घेऊन शिकायला मिळतंय, विचार कसला करताय? घ्या. फक्त बाँड नीट वाचून सही करा.

हिशोबी:
@स्पॅनर, एवढं सरळ नाहीये ते. पैसे कंपनी का घालते आहे, तिथून सुरुवात करा.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये याची मांडणी केली होती. कौशल्यं दोन प्रकारची. एक जिथे जाल तिथे चालणारं, दुसरं फक्त त्याच कंपनीत उपयोगाचं. दुसऱ्या प्रकारावर मालक खुशीने खर्च करतो, कारण ते घेऊन तुम्ही कुठे जाणार? पहिल्यावर मात्र हात आखडता घेतो. आपण शिकवायचं आणि शेजारच्याने जास्त पगार देऊन माणूस पळवायचा, ही धास्ती. त्यामुळे तसल्या शिक्षणाचा भार कामगारावरच पडतो, कधी फीच्या रूपाने, कधी शिकाऊ काळातल्या कमी पगाराच्या रूपाने. प्रत्यक्षात कंपन्या सर्वत्र चालणारी कौशल्यंही शिकवतात, पण धास्ती खरीच आहे आणि बाँड तिच्यातूनच येतो.

आता उलटा विचार करा. तुमचं ट्रेनिंग बाहेर निरुपयोगी असतं, तर कंपनीने बाँड मागितला असता का? बाजारात त्याला किंमत आहे, हे तुमची कंपनीच लिहून देते आहे!

बाँडमध्ये एवढं तपासा. परतफेडीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? 'खर्च' म्हणजे फक्त ट्रेनिंगची फी, की त्या काळातला पगारही धरलाय? कंपनीनेच काढून टाकलं तर काय? दोन वर्षं मोजायची कुठल्या तारखेपासून? कायदा देशोदेशी वेगळा आहे, तेव्हा रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

लॅडरवाला:
एका ब्रँडचं दुसरीकडे चालतं का, एवढ्याच प्रश्नावर लिहितो.

चालतं, आणि त्याला कारण आहे. पीएलसीचा जन्म 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोटार उद्योगात झाला. त्याआधी नियंत्रणाचं सगळं काम रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, करायचे. गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेलचं वायरिंग नव्याने करायचं. पीएलसी आल्यावर वायरिंगच्या जागी प्रोग्राम आला, पण तो लिहायची लॅडरची पद्धत मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली. इलेक्ट्रिशियन मंडळींना नवी भाषा न शिकता वाचता यावं म्हणून. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच. स्टार्टरचं कंट्रोल सर्किट, त्यातलं होल्डिंग, इंटरलॉक हे वाचता येत असेल तर लॅडरची अर्धी वाट तुम्ही आधीच चालून आलात.

पुढे 1993 मध्ये आयईसी 61131-3 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि पीएलसीच्या प्रोग्रामिंग भाषा त्यात ठरवून दिल्या. ब्रँड बदलला की सॉफ्टवेअरचे मेनू बदलतात, पत्ते लिहायची रीत बदलते, नेटवर्कची जोडणी वेगळी असते. हे सगळं थोडं बसलं की जमतं. काय बदलत नाही? पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा पहिल्यापासून, सेकंदात कित्येकदा. टायमर, काउंटर, सीक्वेन्स, ॲनालॉग सिग्नलचं स्केलिंग कुठेही गेलात तरी तेच. एक ब्रँड खोलात जाऊन शिकलेला माणूस दुसरा लवकर उचलतो. पाच ब्रँडची नुसती स्क्रीन पाहिलेला पाचही ठिकाणी अडतो. तोंडओळखीच्या अभ्यासक्रमांबद्दल माझं मत फार बरं नाही, हे सरळच सांगतो.

आणि बरं का, 'पीएलसीचा दोष' म्हणून आलेल्या तक्रारींत पीएलसी स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. सेन्सर, तुटकी वायर, सैल टर्मिनल, अडकलेला लिमिट स्विच, दोष बहुधा बाहेरच. लॅपटॉप फक्त एवढं सांगतो की प्रोग्राम कोणत्या सिग्नलची वाट बघत थांबलाय. तो सिग्नल शोधत मशीनवर जायचं काम तुम्हाला येतंच.

पलीकडची खुर्ची:
मी मेंटेनन्सच्या मुलाखती घेतो. लॅडरवाल्यांचं तांत्रिक म्हणणं मान्य, पण कागदाला एवढं हलक्यात काढू नका.

मायकेल स्पेन्स यांचा 1973 चा एक सिद्धांत आहे, ज्यासाठी पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. शिक्षणाने माणसाचं कौशल्य वाढो न वाढो, पदवी मालकाला एक इशारा देते, की हा माणूस चिकाटीने काही पुरं करू शकतो. नवख्या उमेदवाराबद्दल मालकाला दुसरं काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो त्या इशाऱ्यावर विसंबतो. अर्जांची पहिली चाळणी लावणाऱ्याला लॅडर येत नसतं. तो कागदच बघतो. माझ्यापुढे आल्यावर मात्र मी प्रमाणपत्र बाजूला ठेवतो आणि विचारतो, अलीकडे सापडलेला एखादा अवघड दोष सांगा. आधी काय तपासलं, ते का वगळलं, शेवटी काय निघालं? पुस्तकी माणूस इथे दोन वाक्यांत संपतो.

म्हणून ट्रेनिंग घ्याच, पण एक गोष्ट आधी विचारा: शेवटी परीक्षा आहे का, आणि ती घेणार कोण? जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. अंतिम परीक्षा मात्र त्याची कंपनी घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळासारखी बाहेरची संस्था घेते. त्यामुळे एका कंपनीत शिकलेलं दुसऱ्या कंपनीत ग्राह्य धरतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2004 च्या 195 क्रमांकाच्या शिफारशीतही रोजगारक्षमतेची व्याख्या करताना सोबत नेता येतील अशी कौशल्यं आणि पात्रता यांवर भर आहे. तुमच्या कंपनीने फक्त हजेरीचं पत्र दिलं तर त्याचं वजन कमी. ब्रँडच्या अधिकृत केंद्राची परीक्षा आणि प्रमाणपत्र असेल तर ते बाहेर चालतं.

शिवाय आजपासून एक वही ठेवा. लक्षण, काय तपासलं, कारण, उपाय. प्रोग्रामच्या प्रती किंवा कंपनीची गुपितं त्यात नकोत. बऱ्याच देशांत अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिथेही अशी नोंद उपयोगी पडते.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. एचआरला विचारून आलो. परीक्षा आहे, प्रमाणपत्र ब्रँडच्या ट्रेनिंग केंद्राचं. परतफेडीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाणार, 'खर्च' म्हणजे फक्त फी. काढून टाकलं तर काय, याचं उत्तर तोंडी मिळालं. लेखी मागितलंय.

आता नवी शंका. आमच्याकडे पीएलसीचा लॅपटॉप इंजिनिअरच्या कपाटात असतो. ट्रेनिंगहून परत आल्यावर हातच लागला नाही तर?

लॅडरवाला:
तर बाँड संपेपर्यंत शिकलेलं विसरूनही जाल. ट्रेनिंग वाया जातं ते बहुतेक असंच. वर्गात चांगलं शिकवलेलं असतं, पण परत आल्यावर वापरायची संधी कुणी देत नाही.

लॅपटॉपचं सही करण्यापूर्वीच सुपरवायझरशी बोलून घ्या, नंतर तुमच्या हातात काही राहत नाही. प्रोग्राम बदलायचा अधिकार मागू नका, कुणी शहाणा माणूस तो लगेच देणार नाही. चालू मशीनवर नुसतं जोडून बघायची परवानगी मागा. प्रत्येक ब्रेकडाउनला इंजिनिअरबरोबर उभं राहायचं आणि तो बोलायच्या आधी आपला अंदाज सांगायचा. आणि कुणी कितीही घाई केली तरी आउटपुट फोर्स करायच्या, म्हणजे प्रोग्रामला डावलून लॅपटॉपवरून जबरदस्तीने चालू-बंद करायच्या, भानगडीत सुरुवातीला पडू नका, सिलेंडर हलेल तिथे कुणाचा हात असू शकतो.

धागाकर्ता:
सुपरवायझर 'बघण्यापुरतं' द्यायला तयार आहेत, रात्रपाळीत, इंजिनिअर नसताना सुद्धा. काढून टाकण्याच्या कलमाचं लेखी आलं की सही करतोय. डिप्लोमाचं पुढच्या वर्षी बघू, शिफ्ट स्थिर झाली तर.

स्पॅनर:
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हटलं होतं :)