आजीने मला वाचाळ म्हटलं, पण हा शब्द तर तिच्या रोजच्या श्लोकात आहे??

पोहे_जिरावन:
रविवारी आमच्याकडे राजवाड्याजवळच्या जुन्या घरी सगळे पोह्यांना जमले होते. आतेबहिणीचं एका ठिकाणी बोलणं चालू होतं, तिनं ते फक्त मलाच सांगितलेलं आणि हे फक्त मलाच माहितीये ही गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निघून गेली, मी आपला सगळ्यांसमोर विचारून बसलो की मग साखरपुडा इंदूरलाच ना? काकू बशीवर जिरावन (पोह्यांवरचा मसाला) भुरभुरवत होती, तिचा हात तसाच वर. आत्या माझ्याकडे बघेचना. आजी म्हणाली, मेल्या तोंडात तीळ भिजत नाही तुझ्या, वाचाळ कुठला!

आता हीच आजी रोज सकाळी "मूकं करोति वाचालं" म्हणते, म्हणजे देव मुक्याला वाचाळ करतो म्हणून त्याला नमस्कार. मग माझ्यासाठी तीच शिवी कशी काय?

व्याकरणवेडा:
आजींचं बरोबर आहे रे. वाच् म्हणजे वाणी, त्याला आल प्रत्यय लागून वाचाल, त्याचं मराठीत वाचाळ. पाणिनीचं सूत्रच आहे "आलजाटचौ बहुभाषिणि" (५.२.१२५), खूप बोलणारा तो वाचाल किंवा वाचाट. त्यावर वार्तिकात (सूत्रांवरच्या जुन्या टिपणांत) पुस्ती जोडलीये की हे निंदेच्या अर्थानेच घ्यायचं. खूप बोलतो पण नीट बोलतो त्याला वाग्मी म्हणायचं, त्याचं सूत्र बरोब्बर याच्या आधीचं आहे. म्हणजे हा शब्द तेव्हापासूनच बदनाम.

राहिला आजींचा श्लोक, तो गीतेच्या ध्यानातला. त्यात पुढे काय आहे बघ, पांगळा डोंगर ओलांडतो. नुसता चालायला लागला असं नाही, एकदम डोंगर! तसंच मुका नुसता बोलायला लागला असं नाही, थांबेचना. कृपा किती मोठी ते दाखवायला मुद्दाम टोक गाठलंय.

सराफा_रात्री_बारा:
वा, पण मूळ केसच चुकली आहे ना. भिया तू एकच वाक्य बोललास! वाचाळ म्हणजे ज्याची टकळी बंदच होत नाही तो. तू पचकलास. पचकणे हाच खरा शब्द, नको तिथे नको ते एकदम तोंडातून पडणं. तोंडाळ पण नाही, तो उलट उत्तरं देणारा. आणि चुगलखोर तर नाहीच, कारण चुगली मुद्दाम करतात (हा फारसीतून आलेला शब्द, त्यातला खोर म्हणजे खाणारा, लाचखोरमधला तोच).

गंमत बघा, आळ लागला की दरवेळी वाईट होतं असं पण नाही. मधाळ, रसाळ, दुधाळ सगळे गोडच. बिचाऱ्या तोंडाचं आणि वाचेचंच नशीब फुटकं.

माहेर_इंदूर:
तिळाचं कोणीच बोललं नाही 😄 तीळ केवढासा, तोंडात ठेवला तर भिजायला असा किती वेळ लागणार, तेवढा वेळसुद्धा गोष्ट आत राहत नाही. इथे शेजारपाजारचे हिंदीत म्हणतात पेट में बात नहीं पचती. म्हणजे हिंदीवाल्याची गोष्ट निदान पोटापर्यंत तरी जाते, आपली तोंडातूनच परत!

व्याकरणवेडा:
@माहेर_इंदूर मराठीत पण "पोटात राहत नाही" आहे हो. पण तीळ जास्त झोंबतो.

पोहे_जिरावन:
सगळं आजीला वाचून दाखवलं. वाग्मी ऐकून हसली. पचकलास हे लगेच पटलं तिला, म्हणाली हो हो तेच म्हणायचं होतं. मग म्हणाली, ते व्याकरण राहू दे बाजूला, आत्याला फोन केलास का?

नाही केलाय अजून. काय बोलू ते पण सांगा आता.