मदत हवी आहे : बोअरचे पाणी असलेल्या बाथरूमला जमिनीवर कोणती टाइल लावावी?

पुण्यातील आमच्या जुन्या इमारतीतल्या ७ × ४.५ फुटांच्या बाथरूमचे नूतनीकरण करायचे आहे. खालच्या घरात ओल उतरत असल्याने जुनी फरशी कोब्यासकट काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करणार आहोत. त्यामुळे टाइलवर टाइल बसवण्याचा पर्याय कृपया सुचवू नये. भिंतींना छतापर्यंत फिकट, चकचकीत सिरॅमिक टाइल आणि सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, एवढे ठरले आहे.

अडचण जमिनीची आहे. आईचे वय ७८ असून ती बादली-तांब्यानेच अंघोळ करते, म्हणजे सगळी जमीन ओली होते. आर११ दर्जाच्या (‘आर’चा आकडा जितका मोठा, तितकी टाइल कमी घसरडी) खरखरीत व्हिट्रिफाइड टाइलचा नमुना आणून महिनाभर मोरीत ठेवून पाहिला. पाय घसरत नाही, परंतु बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार आणि साबणाचा थर तिच्या खाचांत असा बसतो की काथ्याने घासूनही निघत नाही. कोटा पायाला बरा वाटतो, पण तो चुनखडीचा दगड असल्याने क्षार काढणाऱ्या आम्लाने त्याचा पृष्ठभागच खाल्ला जातो. मिस्त्री ६०० मिमीच्या टाइलचा आग्रह धरतात. सांधे कमी होतात हे खरे, पण इतक्या लहान जागेत नहाणी ट्रॅपकडे उतार देण्यासाठी ३०० मिमीचीच सोयीची पडेल, असे मला वाटते.

ज्यांच्याकडे असेच जड पाणी आहे आणि ज्यांनी आर१० दर्जाची साधी मॅट टाइल लावली आहे, त्यांना दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर ती साबणाच्या पाण्यात घसरडी वाटते का, आणि तिच्यावरचे क्षार आपण नेमके कशाने काढता?