प्रतिसाद: बँकांच्या चित्ररथांशिवायचा प्राईड

प्राईडबद्दल, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा एलजीबीटीक्यू लोकांच्या हक्कांच्या मोर्चाबद्दल, वर कुणीतरी लिहिलंय, ‘प्राईड आता कंपन्यांची जत्रा झाली.’ अर्धं पटतं. पण त्याच जत्रेला कंटाळून लोकांनी आपला वेगळा मोर्चा काढलाय, हेही सांगायला हवं.

३० जून २०१९, न्यूयॉर्क. स्टोनवॉल या समलिंगींच्या बारमधल्या १९६९ च्या उठावाला ५० वर्षं झाली होती. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर मोठी अधिकृत परेड, आणि त्याच दिवशी सकाळी हा वेगळा मोर्चा, ‘क्विअर लिबरेशन मार्च’. कंपन्यांचे चित्ररथ नाहीत, गणवेशातल्या पोलिसांची तुकडी नाही. वाटही मुद्दाम १९७० च्या पहिल्या मोर्चाची धरलेली: ख्रिस्तोफर स्ट्रीटच्या परिसरातून सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूने थेट सेंट्रल पार्क. स्टोनवॉलची ठिणगीच मुळात पोलिसांच्या धाडीतून पडलेली, त्यामुळे पोलीस नकोत हा हट्ट मला तरी आततायी वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, घोषणांमध्ये कसला आलाय सण? अहो, आपल्याकडे दिंडीत चालणाऱ्याला विचारा. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणं वेगळं आणि स्वतः चालत जाणं वेगळं. हाताने रंगवलेले पुठ्ठे, घसा बसेपर्यंत ओरडणं, शेवटी हिरवळीवर बसून भाषणं ऐकणं. फुकटच्या टोप्या मात्र मिळत नाहीत, तेवढी तयारी ठेवा!