खांबावरच्या फ्लेक्ससाठी जाड, चिंचोळं, तिरकं ‘कबड्डी’: ‘ब’ बुजतोय

यावलचा फ्लेक्सवाला:
मंडळाच्या स्पर्धेसाठी खांबावर लावायचे बोर्ड करतोय, ३ फूट रुंद, ६ फूट उंच. ‘कबड्डी’ एका ओळीत, होईल तेवढं उंच बसवायचंय आणि पोरांना अक्षर धावतं पाहिजे. नेहमीचा ठळक फॉन्ट घेतला, कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये रुंदी ६० टक्के केली, १५ अंश स्क्यू दिला, म्हणजे अक्षर उजवीकडे झुकवलं. स्क्रीनवर झकास दिसलं. प्रिंट रस्त्यापलीकडून पाहिली तर ‘ब’चा नुसता गोळा, आणि ‘ड्ड’मधला खालचा ‘ड’ ‘ब’ला लटकल्यासारखा. काय चुकतंय?

जुना पेंटर, भुसावळ:
भाऊ, आधी ते दाबणं बंद करा. रुंदी दाबली की उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षर डोक्यात जड होतं. मुळात चिंचोळेच काढलेले ‘तेको’ किंवा ‘खंड’ हे फॉन्ट घ्या. दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, फुकट मिळतात, बोल्ड धरून ५ वजनं, म्हणजे जाडीची रूपं, आहेत. तिरकं रूप त्यात नाही, ते आपणच घडवायचं.

मी सावदा-रावेरच्या केळीच्या गाड्यांची फळकी वर्षानुवर्षं रंगवली. तिरकं लिहिताना ‘ब’च्या पोटातली रेघ मी कायम बारीक ओढायचो. उजवीकडे झुकवलं की डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ आखडते आणि फुगते, पोटातली मोकळी जागा खाते. गोलाईचंही तसंच: वरचा उजवा आणि खालचा डावा भाग सुजतो, उरलेले दोन रोडावतात. हात हे आपोआप सांभाळतो, मशीन नाही. म्हणून ८-१० अंशच द्या, मग अक्षराचं कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षराची नुसती आकृती करून, शेप टूलने ‘ब’ची रेघ कापा. स्क्यूमध्ये शिरोरेषेच्या वरचं उजवीकडे जातं, खालचं डावीकडे. तुमचा ‘ड’ त्यामुळेच सरकला. त्याला हाताने थोडा उजवीकडे घ्या. वेलांटीचा वरचा बाकही तपासा, पुढे अक्षर असलं तर तो त्यावर जातो.

अमळनेरची, डिझाइन शिकतेय:
काका, ‘ब’चं आम्हाला वर्गात कुणी इतकं उकलून सांगितलं नव्हतं. रोमन लिपीत इटालिक, म्हणजे तिरकं अक्षर, हस्ताक्षरातून आलं, १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डुस मानुशियस या मुद्रकाने त्यात अख्खं पुस्तक छापलं. म्हणून तिथे तिरक्या ‘ए’चा आकारच वेगळा असतो. आपल्या छपाईच्या खिळ्यांत ती परंपरा नाही, आपल्याकडचं तिरकं म्हणजे बहुतेक वेळा नुसतं ढकललेलं. पण शिरोरेषा आडवी राहून दंड झुकतात तेव्हा जो वेग येतो, तो मला रोमनपेक्षाही जास्त वाटतो.

दादा, तारीख आणि मैदानाचा पत्ता मात्र या अक्षरात नको. तिथे ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट सरळ, मध्यम वजनात लावा. हे अक्षर दोन-तीन शब्दांपुरतंच, लांबून दिसायला.

यावलचा फ्लेक्सवाला:
काका, ‘तेको’ बोल्ड घेतला, ९ अंश दिले, ‘ब’ची रेघ जवळपास निम्मी केली. आता समोरच्या टपरीवरून स्वच्छ वाचता येतं. ‘ड’ अजून किंचित डावीकडे वाटतोय, बाकीचे बोर्ड तो सरकवूनच काढतो.