घरच्या गच्चीवर कोळशावर मटण स्मोक करायचंय, साधन कोणतं घेऊ? (नाशिक)

गच्चीवरचा_धूर:

मंडळी, नमस्कार.

मटण आणि चिकन कोळशाच्या मंद आचेवर, लाकडाच्या धुरात निवांत शिजवायचं आहे. धुंगार नको. वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडलं की वास सुरेख येतो, पण तो वरवरचा राहतो. मला मांस त्या धुरातच शिजलेलं हवंय. तंदूरही उपयोगाचा नाही, त्याची आच फार कडक. मला भांड्याच्या आत ११० ते १२० अंश सेल्सियस तापमान पाच-सहा तास टिकवायचं आहे, आणि तेही कोळशावरच. गॅसचं किंवा विजेचं साधन कृपया सुचवू नका.

जागेचं सांगतो. इंदिरानगरला रो-हाऊस आहे, वरची गच्ची आमचीच. तिन्ही बाजूंनी मोकळी असल्यामुळे वारा भरपूर. खायला घरचे सहा जण, फार तर दोन पाहुणे. बजेट १५ ते २० हजार, त्यात थर्मामीटरही बसायला हवा. रोज वापर होणार नाही, महिन्यातून एखादा रविवार. पावसाळ्यात झाकून ठेवावं लागेल.

आतापर्यंत जे पर्याय पाहिले ते असे.

केटल, म्हणजे घुमटासारखं झाकण असलेला गोल ग्रिल. वेबर कंपनीने १९५२ मध्ये काढलेला आकार आजही तसाच चालतो. ५७ सेंमी व्यासाचा घेतला तर एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला मांस असं ठेवता येतं. शिवाय एरवी कबाब, कणसं, वांगी भाजायलाही तोच. मला शंका एवढीच की त्यात पाच-सहा तास आच खरंच टिकते का? सारख्या आकाराच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, कडेने ओळीत रचून एका टोकाला पेटवायच्या, मग त्या हळूहळू जळत जातात, असं वाचलंय. आपल्याकडचा बाभळीचा लोणारी कोळसा मात्र वेडावाकडा असतो, एक तुकडा मुठीएवढा तर दुसरा बोटाएवढा. त्याची ओळ कशी लावायची?

दुसरा पर्याय बुलेट. उभा नळा, खाली कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या. पाण्यामुळे आच सौम्य राहते हे पटतं. आयात केलेला बजेटबाहेर जातो आणि स्वस्तातल्यांची दारं नीट बसत नाहीत.

ऑफसेट, म्हणजे बाजूला वेगळी भट्टी असलेला, दिसायला फार देखणा. पण त्याला सारखं लाकूड घालत बसावं लागतं, आणि पातळ पत्र्याचा असेल तर आच सगळी बाहेर. सिरॅमिकचा कमाडो, म्हणजे जाड भिंतींचा अंड्याच्या आकाराचा बंद ग्रिल, कोळसा कमी खातो, आचही छान धरतो, पण वजन आणि किंमत दोन्ही आमच्या जिन्याला आणि खिशाला झेपणारं नाही.

शेवटचा पर्याय, आणि माझा कल इकडेच आहे: २०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर बनवून घेणे. अंबडला, सातपूरला फॅब्रिकेशनवाले आहेतच. खाली हवेची भोकं, आत कोळशाची टोपली, वर जाळी आणि झाकण.

व्हिडिओंमध्ये जिकडे तिकडे पाच-सात किलोचे तुकडे रात्रभर ठेवलेले दिसतात. आपल्याकडे बोकडाचा अख्खा पुढचा फरा घेतला तरी दीड-दोन किलोच्या आसपास. तेवढ्यासाठी ड्रम उगाच मोठा होईल का?

एक शेवटचं. काकांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडतात. युरोपात द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात म्हणे. त्या धुरासाठी वापरल्या तर चालतील का?

एमआयडीसीवाला:

आधी ड्रमचं बोलतो, कारण धोका तिथेच आहे. भंगारात मिळणारा ड्रम आधी कशासाठी वापरला होता ते माहीत नसेल तर हातच लावू नका. आपल्या एमआयडीसीत केमिकलचे, थिनरचे ड्रम ढिगाने निघतात. खाद्यतेलाचा म्हणून दिला तरी आतून बऱ्याचदा एपॉक्सीचं अस्तर असतं. ते मोठा जाळ करून पूर्ण जाळावं आणि घासून काढावं लागतं, रंग बाहेरूनही उतरवावा लागतो. जस्ताचा मुलामा असलेला ड्रम किंवा पत्रा तर अजिबात नको. कोळशाजवळ जस्त तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो.

त्यापेक्षा नव्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पत्र्याचा नळा वळवून घ्या. तुमच्या माणसांना ४५ सेंमी व्यास आणि ९० सेंमी उंची पुष्कळ झाली. पत्रा १६ गेजचा (साधारण दीड मिमी जाडीचा) सांगा. त्याहून पातळ घेतलात तर तुमच्या गच्चीवरच्या वाऱ्यात आच सारखी खालीवर होईल. कोळशाची टोपली आणि मांसाची जाळी यांत ६० सेंमीच्या आसपास अंतर ठेवा. खाली पाऊण इंची पाइपचे तीन तुकडे वेल्ड करून एकावर बॉल व्हॉल्व्ह, दोघांवर टोपणं. वर धूर जायला निदान तेवढीच वाट हवी आणि ती कायम उघडी. आच सांभाळायची ती खालच्या हवेवर. वरची वाट बंद केली की धूर आत कोंडतो आणि मांस कडू होतं.

माल ताब्यात घेण्याआधी एक करून पाहा. अंधारात आत टॉर्च लावून ठेवा आणि झाकण बसवा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा शिरणार. फटी राहिल्या तर व्हॉल्व्ह बंद करूनही आच उतरत नाही. स्मोकर चांगला की वाईट हे आकारावर नाही, झाकण किती घट्ट बसतं यावर ठरतं. केटल घेतलात तरी दुकानात हेच तपासा.

लोणारी कोळशाची ओळ लावायच्या फंदात पडू नका. टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरा, मध्ये खळगा करा आणि त्यात दहा-बारा फुललेले निखारे सोडा. आग आतून बाहेर सरकत जाते. चुरा आणि बारीक तुकडे आधी चाळून काढा, त्यांनी खालची हवा अडते. केटलमध्येच करायचं असेल तर मात्र नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट घ्या, त्या एकसारख्या असतात.

झाकणावरच्या गोल काट्यावर विसंबू नका, तो जाळीपासून लांब असतो. दोन सळ्यांचा डिजिटल थर्मामीटर घ्या, एक सळई जाळीवर आणि एक मांसात. आल्या आल्या बर्फाच्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात साधारण ९८ दाखवतो का ते बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी १०० ला पोचायच्या आधीच उकळतं.

फरा आतून ६५-७५ अंशांवर बराच वेळ अडकून राहील. मांसातलं पाणी उडत असतं म्हणून तसं होतं. घाबरून आच वाढवू नका, फॉइलमध्ये गुंडाळा. मांस हाडापासून सुटं व्हायला आतून ९० च्या पुढे जावं लागतं. चिकन ७४ ला झालं, पण त्याला आच थोडी चढी, १३५ च्या आसपास ठेवा, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. आणि दुकानात कातडीसकट मागा, इथे न विचारता सोलूनच देतात.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर थेट ठेवू नका. खाली विटा आणि वर शहाबादी फरशी. जिन्याच्या खोलीत, शेडखाली दार लावून तर कधीच पेटवू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बागाईत:

द्राक्षाच्या काड्यांबद्दल, स्वतःची बाग आहे म्हणून कळकळीने सांगतो: वापरू नका. त्या काडीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. बोर्डोतलं मोरचूद, गंधक, शिवाय बुरशीनाशकं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कळ्यांना, पेस्ट लावतात ती वेगळीच. जाळल्याने तांबं नाहीसं होत नाही. युरोपातली काडी कुठल्या बागेतली ते मला माहीत नाही, आपल्या बागेत काय मारलंय ते माहीत आहे.

परसातला पेरू, आंबा, जांभूळ घ्या. मनगटाएवढ्या फांद्या तोडून काही महिने सावलीत वाळवा. ओलं लाकूड पांढरा दाट धूर सोडतं, तो कडवट असतो. धूर पातळ, निळसर दिसायला हवा. लाकूड पाण्यात भिजवायची पद्धत आहे, त्याने नुसती वाफ होते. कडुनिंब नको, प्लायवूड किंवा रंगवलेलं फर्निचर तर नकोच.

गच्चीवरचा_धूर:

दोघांचेही मनापासून आभार. काड्यांचा विचार सोडला, काकांच्या बांधावरचा पेरू मिळेल. ४५ सेंमीचा नळाच बनवून घेतो, जुना ड्रम नको. जाळीचं मात्र विचारायचं राहिलं. हार्डवेअरच्या दुकानात तयार वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली जाळी) मिळते, ती कापून बसवली तर?

एमआयडीसीवाला:

ती बहुतेक जस्ताच्या मुलाम्याचीच असते, नको. ३०४ स्टेनलेसचे ६ मिमी जाडीचे गज आणा, गजांत दीड सेंमीची फट ठेवून बाहेरच्या कडीला वेल्ड करून घ्या. आणायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, ३०४ ला तो जवळजवळ धरत नाही. कडीला दोन बाजूंनी कान लावून घ्या, म्हणजे कोळसा वाढवायचा झाला तर मांसासकट जाळी उचलता येईल.