पाच हजारांत शेगडी: काळ्या काचेची घेऊ की साधी स्टीलची?

डोंबिवलीची_सून:
नमस्कार मंडळी. नवीन फ्लॅटमध्ये जातोय, गॅस तूर्त सिलिंडरचाच. बजेट फार तर पाच हजार. दुकानात काळ्या काचेची तीन बर्नरची शेगडी बघितली आणि जीव तिथेच अडकला, ओट्यावर काय उठून दिसेल! त्याहून कमी पैशात स्टीलची दोन बर्नरची मिळतेय. सासूबाईंचं म्हणणं, "काच काय चाटायचीय?" सकाळी भाकरी, रात्री पाच लिटरचा कुकर, आणि दूध उतू जाणं तर आमच्याकडे ठरलेलंच. काय घेऊ?

शेगडीवाले_काका:
ताई, मी शेगड्या दुरुस्त करतो, त्यामुळे मला त्या पोटाकडूनच ओळखीच्या. आधी दुकानदाराला शेगडी उलटी करायला लावा. पत्र्याची धार हाताला लागते का, जेटपासून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीपासून, बर्नरपर्यंतची नळी जाड ओतीव आहे की पातळ पत्र्याची, ते बघा. मग बर्नर उचला. "पितळी" म्हणून विकलेल्या कित्येकांवर नुसता सोनेरी मुलामा असतो. चुंबकाने काही कळत नाही, कारण ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. हातात तोला, भरीव पितळ चांगलं जड लागतं.

आयएसआयच्या शिक्क्याबरोबर आयएस 4246 (हे गॅस शेगडीचं भारतीय मानक) आणि सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर असतो. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना खरा का ते तिथल्या तिथे कळतं. या मानकात शेगडीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे गॅसच्या उष्णतेतला भांड्याला मिळणारा वाटा, किमान 68 टक्के लागते. बर्नर भिकार असेल तर ज्योत पिवळी, भांडी काळी आणि सिलिंडर लवकर संपणार. वरची काच त्यात काय करणार?

काच वाईट नाही, पण टफन्डच, म्हणजे तापवून कडक केलेलीच हवी. तिला जपायचं ते कडेला. तिथे कुकर आपटला तर तडा जाऊन थांबत नाही, सगळ्या काचेचे खडे होतात.

ज्वारीची_भाकरी:
स्वतःचा तवा आणि कुकर घेऊन दुकानात जा. लाजू नका. मी नेले होते, दुकानातली पोरं हसली, हसू देत. आटोपशीर तीन बर्नरच्या शेगडीत दोन बाजूंना मोठी भांडी चढली की मधल्यावर चहाचं पातेलंच मावतं. जाळी खाचेत घट्ट बसते का तेही बघा, भाकरी उलटताना तवा सरकला की हात भाजतो. माझं मत दोन बर्नर, स्टील.

ठाण्याचा_भाऊ:
पुढे पाइपलाइन येणार असेल तर त्या मॉडेलचे पीएनजी (पाइपच्या गॅसचे) जेट मिळतात का ते आत्ताच विचारा. पीएनजीला मोठ्या भोकाचं जेट लागतं, तेव्हा कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

डोंबिवलीची_सून:
आज जाऊन आले. शेगडी उलटी करा म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "मॅडम, असं कोणी बघत नाही." केली पण. काळ्या काचेवालीचा बर्नर पापडासारखा हलका! तिच्याच शेजारी स्टीलची होती, बर्नर जड, नंबर ॲपमध्ये सापडला, पीएनजीचे जेटही मिळतात. नॉब काळे आहेत, तेवढीच हौस. काका, खालचा ट्रे सुटा निघत नाही, बर्नरभोवती नुसत्या वाट्या आहेत. चालेल ना?

शेगडीवाले_काका:
वाट्या सुट्या निघत असतील तर चालेल. दूध सांडलं की गॅस बंद करून, गार झाल्यावर त्याच दिवशी धुवा. वाळलं की बर्नरच्या भोकांत दगड होतो. आणि पाईप जुना लावू नका, आयएसआयचा नारिंगी सुरक्षा पाईप नवीनच घ्या.