नाशिकमध्ये राहून मुक्त पत्रकारिता: समाज, माध्यमे आणि प्रवास हे तिन्ही विषय एकत्र पेलतील का?

गोदाकाठ:
सर्वांना नमस्कार. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत आठ वर्षे बातमीदारी केल्यानंतर गेल्या दिवाळीत मी नोकरी सोडली आणि तेव्हापासून नाशिकमध्येच राहून मुक्त पत्रकार म्हणून लिहिते आहे. समाजजीवन, माध्यमांचे बदलते व्यवहार आणि प्रवास हे माझे तीन विषय. तिन्हींत मला सारखाच रस आहे आणि तीच अडचण होऊन बसली आहे. महिन्याकाठी तीन-चार लेख छापून येतात, परंतु सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात दोन-तीन दिवस फिरून लिहिलेल्या लेखाचे मानधन कित्येकदा प्रवासखर्चालाही पुरत नाही, आणि जे मिळते तेही महिनोन्महिने रखडते. एकच विषय धरून बाकीचे सोडून द्यावेत का? शिवाय ओळखपत्र नसल्यामुळे सरकारी कार्यालयात ‘आपण कोणाकडून आलात?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे अजून उमगलेले नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. मुंबईला जाण्याचा सल्ला मात्र नको. घरी सासूबाईंची तब्येत नाजूक असते.

पायवाट:
ताई, सोळा वर्षे हेच करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विषय तीन असणे ही अडचण नाही. प्रत्येक विषयासाठी वेगळा प्रवास करणे ही अडचण आहे. सप्तशृंगी गडावरील चैत्रोत्सवाचे उदाहरण घ्या. खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांबरोबर दोन मुक्काम चालले, की प्रवासाचा लेख होतो. त्याच वाटेवर आणि पायथ्याच्या नांदुरीत हंगामापुरती दुकाने मांडणाऱ्या बायकांशी बोलले, की त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा आणि कर्जाचा वेगळाच लेख निघतो. आणि गर्दीत मोबाइल उंच धरून थेट प्रक्षेपण करणारी स्थानिक यूट्यूब वाहिन्यांची मुले कोणाच्या जाहिरातीवर जगतात, हा तिसरा. खर्च एका फेरीचा, लेख तीन. मात्र एकच मजकूर उलटापालटा करून तिघांना विकू नये. मी सुरुवातीला तसे एकदा केले. दोन्ही संपादक एकमेकांच्या ओळखीचे निघाले आणि पुढची दोन वर्षे दोघांनीही माझा फोन उचलला नाही.

नाशिकमध्ये असणे हे भांडवल आहे. 2023 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा बातमी दिल्लीहून आली. पण लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस काय हिशेब करत होता, हे दिल्लीतल्या कार्यालयात बसून लिहिता येत नव्हते. उन्हाळ कांदा चाळीत किती महिने टिकतो आणि लाल कांदा टिकत नाही म्हणून शेतकरी कसा अडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे बाहेरची नियतकालिके आपण होऊन येतात. द्राक्षांचेही तेच. ऑक्टोबर छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. त्याच रस्त्यावरून पर्यटक वायनरी पाहायला जातात. प्रवासलेखात हे मजूर सहसा कोठेच नसतात. तुम्ही समाज आणि प्रवास दोन्ही लिहिता, म्हणून तुमच्या लेखात ते असू शकतील.

सिंहस्थाबद्दलही सांगतो. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वणीच्या दिवशी प्रत्येक माध्यमाची स्वतःची फौज रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात असणार. त्या दिवशीच्या वर्णनाला तुमची गरज कोणालाही नसेल. तपोवनातील झाडांचा वाद, साधुग्रामासाठी लागणारी जमीन, पंचवटीतले भाडेकरू, आणि मेळा उठल्यानंतरचा गोदाघाट: आधीचे आणि नंतरचे हे लिखाण तुमचे.

जुना उपसंपादक:
पायवाट यांच्याशी अर्धाच सहमत आहे. मी एका साप्ताहिकाच्या पुरवणीचे काम अनेक वर्षे पाहिले. टेबलावर बसलेल्या माणसाला लेखक एका गोष्टीमुळे लक्षात राहतो. ‘समाज, माध्यमे आणि प्रवास’ असे पत्रात लिहिणाऱ्याला आम्ही कोणत्याच गोष्टीसाठी फोन करत नसू. तीन विषय मनात ठेवा, पण एका संपादकापुढे एकच ठेवा. माध्यमांविषयी लिहिताना आणखी एक पेच येतो: जाहिराती आणून देण्याच्या अटीवर नेमलेल्या तालुका वार्ताहरांविषयी तुम्ही खरे लिहिले, तर ते छापणार कोण? तो लेख शहराबाहेरच्या नियतकालिकाला द्यावा, हे उत्तम. रिसॉर्टच्या खर्चाने केलेल्या प्रवासाचा उल्लेख लेखातच करावा, हेही ओघाने आले.

आता पैशांचे. निघण्यापूर्वी मानधन, प्रवासखर्च आणि देयकाची मुदत ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचे ‘बघू, करू काहीतरी’ हे आश्वासन नव्हे. आणि 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 19 वाचा. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कायदा मानतो. मुक्त लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो. छायाचित्रांची गोष्ट वेगळी: मोबदला ठरवून कोणी ती तुमच्याकडून टिपवून घेतली असतील, तर उलट करार नसल्यास हक्क टिपवून घेणाऱ्याचा होतो. त्यामुळे लेख आणि छायाचित्रे यांचा उल्लेख निरनिराळा करावा.

चावडी:
ओळखपत्रापुरते लिहितो. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत मिळते, परंतु मुक्त पत्रकाराला त्यासाठी दीर्घ अनुभव आणि छापलेल्या मजकुराचे पुरावे लागतात. म्हणून आजपासून प्रत्येक अंकाचे कात्रण तारखेसह जपून ठेवा. तोपर्यंत कार्यालयात पत्रकार म्हणून जाण्यापेक्षा नागरिक म्हणून माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. माझे पहिले दोन अर्ज लांबले म्हणूनच परत आले. ‘कोणाकडून आलात’ असे त्यात कोणी विचारत नाही, विचारता येतही नाही.

गोदाकाठ:
तिघांचेही मनापासून आभार. चैत्रात नांदुरीला जायचे आता नक्की केले आहे, आणि निघण्यापूर्वी दोन संपादकांना दोन स्वतंत्र पत्रे जातील. एक शंका उरते: नोकरीत असताना मी लिहिलेल्या वार्तापत्रांचे पुस्तक करायचे झाल्यास जुन्या दैनिकाची परवानगी लागेल का?

जुना उपसंपादक:
कलम 17 पाहा. वृत्तपत्राच्या नोकरीत त्या पत्रासाठी लिहिलेल्या मजकुरावर मालकाचा हक्क वृत्तपत्रे-नियतकालिकांतील प्रकाशनापुरता असतो आणि बाकी बाबतींत लेखकच मालक राहतो. अर्थात, उलट करार केलेला नसेल तर. तेव्हा नेमणूकपत्र शोधा आणि त्याची मागची बाजूही वाचा. अटी बहुधा तिथेच बारीक अक्षरांत असतात.

गोदाकाठ:
नेमणूकपत्र सापडले. मागची बाजू कोरी आहे.